कुलपातला हीट पंप

विट्याच्या गुंडाअण्णांचा सारा जन्म कोइमतूरला सोनं गाळण्यात गेला. त्या धंद्यात माणूस एकच विद्या पक्की शिकतो, समोरच्याच्या हातावरची नजर हलवायची नाही. दुकानातला गडी घरी निघाला की परातीत हात धुवायचा आणि ते पाणीसुद्धा अण्णा जपून ठेवायचे. नखातली सोन्याची धूळ बाहेर जाईल तर शपथ! गावी बंगला बांधला तरी खोड तीच. जावई निघाला तरी अण्णा आधी त्याच्या पायातली चप्पल कुणाची ते बघायचे.

अशा माणसाच्या गच्चीवर पाणी तापवायचा हीट पंप आला. मशीन मोठं नामी. हवेतली ऊब ओढून टाकीतलं पाणी कढत करायचं. अण्णांनी तांब्याचा बंब लगेच मोडीत काढला. मग शेजाऱ्याच्या एसीच्या तांब्याच्या नळ्या चोरीला गेल्या आणि अण्णांनी मशीनला चारी बाजूंनी आणि वरूनही पत्र्याची पेटी ठोकली. दाराला कुलूप, किल्ली करदोट्याला.

थंडी पडली आणि खाली न्हाणीघराबाहेर लावलेल्या मशीनच्या पडद्यावर 'ई फोर' उमटलं. पाणी गारढोण. अण्णांच्या बायकोचे, रंगूबाईंचे, गुडघे कढत पाण्याशिवाय उठायचे नाहीत.

"आवं, उद्या पानी तापलं न्हाई तर मी निघाले लेकीकडं कवठ्याला. बसा मशीन राखत!"

सांगलीहून मुजीब मेकॅनिक आला. पेटीचं दार सताड उघडून अण्णा त्याच्यासमोरच खुर्ची टाकून बसले.

"अण्णा, ई फोर म्हणजे आतल्या गॅसचा दाब पडलाय."

"गॅस गळालाय म्हन की सरळ! नवा भरायचा, व्हय ना?"

"आधी बघू तर द्या."

मुजीबनं दाबाचं घड्याळ जोडलं, मशीन चालू केलं. काटा जागेवर. सांध्यांना साबणाचा फेस लावला, एक बुडबुडा नाही.

"गॅस पुरा हाय, अण्णा. भरायची गरज न्हाई."

अण्णांचा संशय उलट दुणावला. हातची कमाई सोडतोय म्हणजे गडी पक्का बेरकी!

पाणी कोमट व्हायला लागलं. अण्णांनी दाराला कुलूप घातलं, दोघं खाली चहाला बसले. तेवढ्यात रंगूबाई ओरडल्या, "आलं बगा परत तुमचं ई फोर!"

"काय करून ठिवलंस रं? परत बोलवावं म्हनून?"

मुजीब उसळला. "माझे दोन्ही हात तुमच्या डोळ्यांपुढं होते. पापणी तरी हलवलीत का तुमी?"

वर जाऊन अण्णांनी कुलूप काढलं, तर आतून गार हवेचा झोत तोंडावर आला. मशीनच्या जाळीवर पांढरं बर्फ!

"ही गार हवा कुठली रं?"

"मशीनच सोडतंय. ऊब काढून घेतली की हवा गार होते. तिला जायला वाट न्हाई, मग तीच परत आत. बर्फ धरलं की दाब पडणारच."

"मघाशी दार उघडं हुतं तवा..."

अण्णा तिथंच थांबले. धुराडं कोंडलं की भट्टी गुदमरते, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. जगाचे हात तपासणाऱ्या अण्णांनी आपल्या हातातल्या कुलपाकडं बघितलं.

"काढ पत्रं."

"आणि चोर?"

जिन्यातून रंगूबाई म्हणाल्या, "त्यालाबी द्या कढत पानी आंगुळीला!"

सकाळी पाणी एवढं तापलं की रंगूबाईंनी विसण मागितलं. कवठ्याचं नाव निघालं नाही. मशीनचा पाय मात्र म्हशीच्या साखळीनं टाकीच्या खांबाला बांधलेला, वर तेच कुलूप.

मुजीबचा फोन आला, "अण्णा, बरं चाललंय न्हवं?"

"लय बेस! पर तू आपनहून कशापायी इचारतुयास रं?"