उन्हाच्या बाजूची सीट

ड्रेस्डेनच्या ट्रॅममध्ये मी रोज सकाळी दिवसभराची कामं लिहून काढते. त्या मे महिन्यात मात्र माझी पेन्सिल मध्येच थांबायची. समोर उन्हाच्या बाजूला एक आजोबा बसायचे. मांडीवर कुंडी, तिच्यात टोमॅटोचं बुटकं रोप. ट्रॅम वळली की पानांवर ऊन राहावं म्हणून ते कुंडी हळूच फिरवायचे. बाहेर एल्बे नदी चमकत मागे सरायची आणि ते पिवळ्या फुलांना बोटाने अलगद टिचकी मारत राहायचे.

"घरात मधमाश्या नसतात ना," एकदा ते मला म्हणाले, "मग हे काम माझ्याकडे."

"बाहेर का नाही लावत?"

"अजून रात्री फार गारठा असतो. बायको वृद्धाश्रमात आहे, तिच्या खोलीत छान ऊन येतं. संध्याकाळी परत आणतो. तिथेच ठेवलं तर ती विसरते आणि कच्चेच तोडते." ते हसले. मग पानांकडे बघत म्हणाले, "मुद्दाम लवकर पिकणारी जात घेतली. ऑगस्टपर्यंत ती मला ओळखेल, याची खात्री नाही."

जूनमध्ये एक टोमॅटो लाल झाला. दुसऱ्या दिवशी तो रोपावर नव्हता.

"खाल्ला त्यांनी?" मला राहवलं नाही.

"हो, डोळे मिटून. मग मला म्हणाली, 'माझा नवराही अस्सेच पिकवतो. त्याला भेटा एकदा.'"

ट्रॅम वळली. त्यांनी कुंडी उन्हाकडे फिरवली आणि पुढच्या फुलाला टिचकी मारली.