मापापुरतं दुकान

खापर गावच्या बाजारपेठेत रमिलाबाईंचं चपला-बुटांचं दुकान आहे. नवरा गेल्यावर त्यांनी ते एकटीने चालवलं, आणि जोरात चालवलं. होळीच्या आधीच्या बाजारात सातपुड्यातून उतरलेली माणसं त्यांच्या ओट्यावर मावत नसत.

आता माणसं यायची ती माप बघायला. बूट चढवायचा, आरशात पाय बघायचा, आतला नंबर वाचायचा आणि 'येतो परत' म्हणून निघायचं. तेच बूट मग फोनवरून मागवायचे. वर संतापाची गोष्ट अशी, की ते पार्सलही रमिलाबाईंच्याच दुकानात यायचं. डोंगरातल्या पाड्यांवर चढायला नको म्हणून पार्सलवाला चंदन खोकी त्यांच्या बाकावर टाकून जाई. "काकी, बाजारले येतीन तवय लई जातीन," एवढंच म्हणे.

एका बाजाराच्या दिवशी दिवलीबाई आली. मोलगीकडच्या पाड्यावरची, जुनं गिऱ्हाईक. सुरतला कामाला असलेल्या मुलाने तिच्यासाठी फोनवरून सँडल मागवले होते. तिने खोकं तिथंच फोडलं, पाय घालून बघितला आणि म्हणाली, "शेठाणी, तंग व्हस. मोठा नंबर बदली दे."

रमिलाबाईंचा तोल सुटला. "हाई मन्हं दुकान शे, धर्मशाळा नही! घेवाले फोन, अन् बदलाले मी?" बाकावरची सगळी खोकी त्यांनी रस्त्यावर भिरकावली. बाजार थांबून बघत राहिला.

दिवलीबाई हलली नाही. तीही भडकली होती. काचेच्या कपाटातली एक तरी जोडी मला कधी काढून दाखवलीस का, तिने विचारलं. आम्ही डोंगरातल्या आलो की मागचं धुळकट खोकं आणि प्लास्टिकच्या चपला. "फोन सगळासले सारखंच दखाडस, शेठाणी!"

खोटं बोलतेस, असं रमिलाबाईंना म्हणता येईना. दिवलीबाई तंग सँडल हातात घेऊन अनवाणीच निघून गेली.

चंदन आता पार्सलं पलीकडच्या मोबाईलच्या दुकानात ठेवतो. रमिलाबाईंनी काचेतल्या जोड्या पुढच्या फळीवर मांडल्यात, कुणीही उचलून बघाव्यात अशा. गिऱ्हाईक फारसं वाढलं नाही. फोनला आणि चंदनला त्या अजून मनसोक्त शिव्या घालतात. दिवलीबाईचं नाव निघालं, की मात्र गल्ल्यावरून उठून आत जातात.