मिस्त्रींचा पुढे केलेला हात

मिस्त्री आधी हात पुढे करायचे. "पार्सल, चावी." ट्रॅक्टरची चावी स्वतःच्या खिशात पडेपर्यंत ते ट्रॅक्टरवर चालणाऱ्या, गवताचे गठ्ठे बांधणाऱ्या बेलरला बोट लावत नसत. त्या हाताची दोन बोटं बेलरनेच नेली होती.

पार्सल म्हणजे मी. सातवीतून शाळा सोडून परभणीकडून आलेला, सगळ्यांनाच घाबरणारा. "याला गावाने पाठवला, पण परतीचा पत्ताच नाय लिहिला," असं ते चारचौघांत सांगायचे. तरी हेंद्रेपाड्यात मला खोली मिळवून दिली ती त्यांनीच.

बदलापूरहून चिखलोलीकडे येताना इमारतींच्या मधे उरलेलं गवत तुम्ही पाहिलं असेल. दिवाळीनंतर ते सुकलं की आम्ही त्याचे गठ्ठे बांधून तबेल्यांना द्यायचो. मशीन जुनी. मधेच सुतळीला गाठ बसेनाशी व्हायची, गठ्ठा बाहेर पडताच सुटायचा. मिस्त्री गाठ मारणारा आकडा पॉलिश पेपरने घासायचे. शिव्या मात्र मला.

एकदा अडकलेलं गवत मी चालू मशीनमध्ये पायाने ढकललं. त्यांनी सगळ्यांदेखत कानफटात दिली. "तुझ्या आईला काय पाठवू, बूट?" त्या दिवसापासून काम संपलं की विचारायचे, "दहा?"

मी बोटं पसरून म्हणायचो, "दहा."

"माझी आठ. निघ."

फ्लायव्हीलला, म्हणजे मशीनच्या जड चाकाला, एक नरम बोल्ट असतो. आत काही कठीण अडकलं की तो तुटतो आणि बाकी मशीन वाचते. सारखा तुटतो म्हणून वैतागून मशीनच्या मालकाने, शेठने, उल्हासनगरहून कडक बोल्ट आणला.

"शेठ, हा तुटायलाच असतो. मी नाय बसवणार," मिस्त्री म्हणाले.

"मग मी बसवतो. तू नुसता बघ."

आठवडाही गेला नाही. कुठल्यातरी बांधकामाची सळी गवतातून आत गेली. बोल्ट शाबूत राहिला, गिअरबॉक्सचे दाते उडाले. शेठने मिस्त्रींनाच धरलं. "आठ बोटांचा मिस्त्री ठेवल्यावर दुसरं काय होणार? चल, निघ."

मिस्त्रींनी पाने पुसले, पिशवीत टाकले आणि गेले.

बेलर भंगारात निघाला त्या दिवशी ते न बोलावता आले. टेम्पोवर चढवायच्या आधी मशीनपाशी गेले आणि सवयीने हात पुढे केला. "चावी."

मशीनला ट्रॅक्टर जोडलेलाच नव्हता. शेठने त्या हातावर तंबाखूची चिमूट ठेवली. "घे, ही लावून बंद कर." सगळे खदखदून हसले.

मिस्त्रींनी तंबाखू खाली सांडू दिली आणि हात तसाच माझ्याकडे वळवला. लांब उभ्या ट्रॅक्टरची चावी माझ्याकडे होती. शेठ बघत होता. तरी चावी मी दिली.

ती खिशात टाकून त्यांनी हात आत घातला. आकड्यात अडकलेलं गवत काडी काडी करून काढलं. भंगारवाला ताटकळत उभा. मग चावी मला परत देऊन ते निघाले. फाटकापाशी पोचल्यावर मान न वळवता ओरडले, "दहा?"

"दहा!"

"निघ" मात्र म्हणाले नाहीत. ते संध्याकाळी शेठ म्हणाला.