साज चुकलेला बैल

फळ्यावर बाई आधी बैल काढायच्या. बीडच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या, पण धडा पेशीचा असो की मेंदूचा, सुरुवात बैलापासून. चित्रकला बेताचीच. मागच्या बाकावरून कुणीतरी हमखास म्हणायचं, "बाई, म्हैस दिसतीय." बाई न वळता शिंगं लांबवायच्या. "आता झाला का बैल? बस खाली."

मग बैलाला झूल चढायची, गोंडे, घुंगरमाळ. बैल म्हणजे प्रथिन. पेशी नुसतं प्रथिन घडवून थांबत नाही, पुष्कळदा त्याच्या अंगावर साखरेच्या साखळ्या चढवते. प्रथिनानं कुठं जायचं, कुणाशी जुळायचं, किती टिकायचं, यातलं बरंचसं त्या साजावर ठरतं. स्किझोफ्रेनिया झालेल्यांच्या आणि स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या मेंदूत काही प्रथिनांचा हा साज बिघडलेला दिसतो, असं संशोधक म्हणू लागले होते. बाईंच्या भाषेत, "बैल तोच हाय, साज चुकलाय."

मी त्यांचा विद्यार्थी, नंतर करणी उतरवणाऱ्या भगतांविरुद्धच्या आमच्या मोहिमेचा पत्रकवाला. ते दिवस आठवा. गावोगाव केबल आली, एसटीडीचे पिवळे बूथ आले, बाटलीतली थंड पेयं आली. जग वेशीपर्यंत आलं म्हणे! डोक्याच्या आजारावरची गोळी तेवढी आली नाही. तिच्यासाठी एसटीनं जिल्ह्याला जा. भगत मात्र घरपोच. यावर आम्ही पेटून पत्रक लिहिलं, 'वेडाचे कारण सिद्ध!' बाईंनी 'सिद्ध' शब्दावर काट मारली. "साज चुकला म्हणून बैल भरकटला, का भरकटला म्हणून साज फाटला, हे अजून कुणाला ठाऊक न्हाई. आपण खोटं छापलं तर भगतात आन् आपल्यात फरक काय रे?"

एका गावच्या सभेत एका म्हाताऱ्यानं विचारलं होतं, साखरेनं डोकं बिघडत असंल तर आमी ऊसतोडीवाले समदे येडे कावून झालो न्हाई? सभा हसली. बाईही हसल्या. मग न कंटाळता समजावलं, ही साखर कारखान्यातली न्हाई दादा, ती पेशी आपल्याआपण चढवती. चहा बिनधास्त गोड प्या.

तुम्हाला वाटेल, बाईंना एवढा पुळका कशाचा? त्यांच्या थोरल्या भावाला, आण्णाला, स्किझोफ्रेनिया होता. आणि आईचं विसरणं वाढत चाललं होतं. नांदूरघाटातल्या त्यांच्या घरी दोन्हीचा अर्थ एकच लावला होता, करणी. बाई आण्णाला डॉक्टरकडे नेत, गोळ्या आणत. आण्णा सावरला होता, बोलायचा, गोठा झाडायचा. तरी सणावाराला त्यांचे काका त्याला मागच्या खोलीत कोंडून कडी घालायचे. पाहुणे बघतील, घरातल्या पोरींची लग्नं मोडतील. पोळ्यालाही तेच. आणि आजारापूर्वी त्या घरचे बैल सजवायचा मान आण्णाचाच.

एका पोळ्याला बाईंनी मला सोबत नेलं होतं. अंगणात बैल धुऊन उभे होते. आई ओट्यावर बसली होती. लेकीचं नाव तिला आठवेना, मला तर तिनं जावई करून टाकलं. पण बैलांकडं बघून ती अचानक म्हणाली, "थोरला कुठं गेला? साज कोण घालणार?"

बाई उठल्या आणि त्यांनी कडी काढली.

आण्णानं बैल सजवले. उजव्याची झूल डाव्याला गेली, बाशिंग तिरकं बसलं. पोरं फिदीफिदी हसली. बाईंनी काहीही नीट केलं नाही. कासरा आण्णाच्या हातात दिला आणि स्वतः त्याच्या बाजूनं निघाल्या. पोळ्याच्या मिरवणुकीत बाईमाणूस! हलगी वाजवणाराही दोन ठोके चुकला.

वेशीत तोरणाखाली काका आडवे झाले. गावचे मानकरी ते. गावासमोर म्हणाले, येड्याच्या हातात कासरा देऊन घराण्याची शोभा करायची का?

बाईंनी आवाज चढवला नाही. "काका, बैल बिचकला का?"

काकांनी बैलाकडं पाहिलं.

"जनावर बिचकलं न्हाई. मंग तुमी कावून बिचकताय?"

बैल शांतपणे रवंथ करत होता. कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि या वेळी ते आण्णाला नव्हतं. काका बाजूला सरकले. बाजूलाच सरकले, बदलले नाहीत. पुढच्या सणाला पुन्हा कडी लागली, बाईंनी पुन्हा काढली. असं किती वर्षं चाललं! भाषणं आम्ही करायचो, कडी बाई काढायच्या.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. हृदयविकार. मला एकच घोर लागला, आता कडी कोण काढणार?

पोळ्याला मी न बोलावता गेलो. मागच्या खोलीला कडीच नव्हती. आण्णानं स्क्रू काढून ती गोठ्यात खुंटीला टांगली होती. सकाळची गोळी घेऊन तो साज घालत होता. झूल या वर्षीही उलटीच.

ओट्यावरून आईनं विचारलं, "आक्का आली न्हाई का आजून कॉलेजातून?"

आण्णाचा हात घुंगरमाळेवर थांबला. "येईल," तो म्हणाला. "तवर बैल फिरवून आणतो."

वेशीत तोरणाखाली काका उभे होते. आण्णाच्या बाजूची जागा मोकळी होती. तिथं मी चालावं, असं माझ्या मनात आलं. पण गरज दिसली नाही. काकांनी तोंड उघडलं, तेवढ्यात आण्णानं कासरा आखूड धरला आणि अगदी समजुतीनं म्हणाला,

"भिऊ नका, काका. बैल गरीब हाय."