पांढरा गिलास

रुद्रय्या हिरेमठांच्या पायाला जन्माची भिंगरी. गणपतरावांच्या कोल्हापुरातल्या जाहिरात कचेरीत औषधांचं सगळं काम त्यांच्या डोक्यानं चालायचं. कुठलं औषध, कुणाला, कुठल्या भिंतीवर कसं सांगायचं, हे तेच ठरवायचे. 'प्लॅनिंगचे साहेब' झाल्यावर फिरती खुर्ची मिळाली, पण साहेब खुर्चीत टेकतील तर शपथ!

ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात पोरांच्या जुलाबावरची मीठ-साखरेची पुडी आली. उकळून गार केलेल्या पाण्यात कालवून पाजायची. पुडीवरचा मजकूर सगळा इंग्रजी, म्हणजे सांगायचं ते भिंतीनंच. कंपनीनं भिंतीसाठी हातभर मराठी मजकूर धाडला होता, तो रुद्रय्यांनी पार छाटून टाकला.

"वाचतंय कोण? लोक चित्र बघत्यात. गुटगुटीत पोर काढ आणि ह्यो एवढा गिलास!"

"साहेब, पाण्याला रंग कंचा देऊ?" रंगारी ज्ञानूनं विचारलं.

"पांढरा दे की! लांबनं उठून दिसंल."

झालं! गावोगावच्या निळ्या भिंतींवर पांढरे गिलास उभे राहिले. पुड्या धडाधड खपल्या. गणपतरावांनी पेढे वाटले. रुद्रय्यांच्या जिवाला मात्र चैन नाही. काहीतरी राहून गेलंय, पण काय ते उमगेना. उठायचे, एसटी धरायचे, भिंती बघून यायचे आणि आल्यावर पुन्हा येरझाऱ्या घालायचे.

अशातच हुपरीहून निरोप आला. शांतव्वाच्या नातवाला कोल्हापुरात दवाखान्यात आणलं होतं. शांतव्वा म्हणजे थोरली बहीण. आईमागं तिनंच यांना वाढवलेलं. रुद्रय्या धावतच गेले. वर्षाचं पोर, डोळे खोल गेलेले, रडायचंही त्राण नाही.

"आक्का, पुडी दिली न्हाईस व्हय?"

"दिली की! कालपासनं देतोय."

"कशात कालवलीस?"

"कशात म्हंजे? दुधात. म्हशीच्या, चांगल्या दाट."

रुद्रय्यांनी कपाळावर हात मारून घेतला. अरे, गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशीच्या धारेखाली गिलास धरून वाढलेलं हे गाव! पांढरा गिलास बघून इथल्या माणसाला दुसरं काय सुचणार? आणि कोल्हापुरात जन्म काढलेल्या या शहाण्याला तेवढंच सुचलं नव्हतं!

समोरच्या औषधाच्या दुकानातून त्यांनी कचेरीत फोन लावला. "गणपतराव, सगळे गिलास आत्ताच्या आत्ता पुसा!"

"साहेब, खप तर बघा की!"

"खप गेला खड्ड्यात! पोरं मरतील!"

एवढ्या मोठ्यानं ओरडले, की दुकानातली गिऱ्हाइकं बघत राहिली. ज्ञानूला चुना घेऊन धाडतो, असं गणपतरावांनी कबूल केलं, तेव्हाच त्यांनी फोन ठेवला.

सलाईन लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगं खणखणीत रडलं, तेव्हा रुद्रय्याही रडले. सिस्टरनं पाण्यात तीच पुडी कालवून वाटी आणली. रुद्रय्यांनी हात पुढं केला. शांतव्वानं तो हळूच बाजूला सारला.

"सिस्टर, तुमीच पाजा."

"आक्का, पाणीच हाय गं. आता बरोबर हाय."

"असंल बाबा," शांतव्वा त्यांच्याकडं न बघताच म्हणाली. "भिंतीवरचं तुझं हाय म्हणून तर कुणाला इचारलं न्हवतं."