बारेकरी आणि माझी मान

लोक तोंड उघडून फसतात. मी न उघडता फसले. कशी, ते ऐका तर खरं.

धुळ्यात देवपूरला आमच्या गल्लीत एक मंडळ आहे. लग्न असो की मयत, मदतीला हजर. त्याच्या सभासदाला ‘बारेकरी’ म्हणतात. मंडळाची अभ्यासाची खोलीही आहे, पण फक्त मुलांसाठी. माझं दहावीचं वर्ष. घरात सात माणसं, एक शिलाई मशीन आणि रविवारी टीव्ही बघायला अर्धी गल्ली. मला ती खोली हवीच होती.

अध्यक्ष आबा म्हणाले, “वर्धापनदिनाला ‘बारेकरी’ शब्द कुठून आला ते सांग. नीट बोललीस तर खोली मुलींनाही उघडू.”

वही घेऊन मी आधी आबांनाच विचारलं.

“पांझरा नदीचं पाणी शेतात सोडायचं म्हणजे बारं द्यायचं. ते देणारा बारेकरी. पटलं?”

मी मान हलवली.

सायकल दुकानवाले नाना म्हणाले, “पाणीबिणी काही नाही. मंडळ काढलं तेव्हा बारा जण होते. मन्हं खरं शे. हेच सांगशील ना?”

पुन्हा मान.

मंडळाच्या पहिल्या अध्यक्षांच्या पत्नी, अक्का, म्हणाल्या, “बारशापासून बाराव्यापर्यंत जो येतो तो बारेकरी. यांनी नाव ठेवलं ते माझ्यासमोर. लिही.”

मी लिहिलं. मान आपोआप हलली.

वर्धापनदिनाला तिघेही पहिल्या रांगेत! मी कशीबशी सुरुवात केली, “आबांच्या मते…”

नाना उठलेच. “पोरी, तू तं माले हो म्हनेल व्हती ना?”

“आणि मला?” अक्का म्हणाल्या.

“म्हणजे मला खोटंच?” आबा.

तिघेही माझ्या मानेकडे बघू लागले. मी समोरच्या खोलीच्या कुलपाकडे. गेली खोली!

“मग खरं काय?” आबांनी विचारलं.

“मला माहीत नाही,” मी म्हणाले. आवाज माझाच होता, मलाही पटेना. “मंडळाच्या सभांच्या जुन्या वह्या त्या खोलीतल्या कपाटात आहेत. आत येऊ दिलंत तर वाचून सांगेन.”

अक्का हसल्या. “द्या हो किल्ली. आपण नुसते भांडू, ही शोधील तरी.”

आबांनी किल्ली पुढे केली. “उद्यापासून मुलींनीही बसायचं. पण सकाळी सहाला उघडायचं, झाडायचं, दोन्ही माठ भरायचे. जमेल ना?”

मी काय केलं असेल?

वह्या अजून वाचतेच आहे. पण आबांचा अर्थ खरा निघाला, तर सध्या अख्ख्या मंडळात पाणी देणारी बारेकरी एकटी मीच आहे.