गोळी बंद केली आणि डोक्यात करंट लागला

“डोळे फिरवले ना मॅडम, की डोक्यात करंट लागतो.”

रेश्मा हे सांगत असताना तिची सासू मात्र गालात हसत होती. मला काही कळेना.

मी मानसोपचारतज्ज्ञ. माझं क्लिनिक पेणला आहे आणि आठवड्यातून एक दिवस मी रोह्यात ओपीडी करते. रेश्मा (नाव बदललं आहे) पेणच्या एका गणपती कारखान्यात आखणी करते. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. तिचं सासर रोहा तालुक्यात, खांबजवळच्या एका गावात आणि नवरा संतोष रोह्यात कंपनीत. शिफ्ट संपवून तो त्या दिवशी थेट ओपीडीत आला होता.

रेश्माला लग्नाआधीपासून पॅनिक डिसऑर्डर होती. पॅनिक म्हणजे भीतीचा झटका. कारण नसताना छाती धडधडते, श्वास पुरत नाही, हातपाय गार पडतात आणि आता आपण मरणार याची माणसाला खात्री पटते. काही मिनिटांत सगळं ओसरतं. पण पुन्हा येईल ही भीती मागे राहते. रेश्माला पहिला अटॅक वडखळ नाक्यावर, ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या एसटीत आला होता. ईसीजी नॉर्मल निघाला, तरी पुढे कितीतरी दिवस ती एसटीत चढली नाही. मग एका डॉक्टरांनी तिला पॅरॉक्सेटिन नावाची गोळी दिली. ही अँटिडिप्रेसंट म्हणजे डिप्रेशनवरची गोळी, पण पॅनिकवरही चालते. तिला ती चांगली लागू पडली. एसटी सुरू झाली, काम सुरू झालं, लग्न झालं. ते डॉक्टर गाव सोडून गेल्यावर ती माझ्याकडे येऊ लागली होती.

“गोळी कधी बंद केलीस?”

“मागच्या आठवड्यात. आम्ही आता बाळाचं बघतोय ना. नणंद म्हणाली, डोक्याच्या गोळ्या घेतल्या तर पोर अपंग होतं. मग एकदमच सोडली.”

“आणि त्रास?”

“गरगरतं. रडू येतं. मळमळतं. आणि तो करंट.”

सासूबाईंना आता राहवेना. “सकाली उठली की मळमळते म्हनते. मला तर वाटला, गोड बातमी हाय! आनि संतोष म्हनतो आजार उलटला.”

तिघांची तीन मतं होती. रेश्माला वाटत होतं, डोक्यात काहीतरी मोठं बिघडलंय. संतोषला वाटत होतं, पॅनिक परत आलं. सासूबाई हसत का होत्या तेही कळलं. मला या प्रकारात फार रस वाटू लागला, कारण मळमळ आणि गरगर तिन्ही बाजूंनी जुळत होती. फक्त करंट कुठेच बसत नव्हता.

आधी प्रेग्नन्सी टेस्ट केली. निगेटिव्ह. पाळीही नुकतीच होऊन गेली होती. सासूबाईंचा चेहरा उतरला.

मग मी रेश्माला विचारलं, “करंट नेमका कधी लागतो?”

“मूर्तीचा एक डोळा झाला की दुसऱ्याकडे बघते ना, तेव्हा. मान न हलवता नुसते डोळे फिरवले की झिण् होतं. हातातला ब्रश थांबतो. शेठ म्हणाले, दोन दिवस घरी बस.”

“मरणार असं वाटतं तेव्हा?”

तिने आठवून पाहिलं. “नाय. तसं नाय वाटत. नुसतं विचित्र वाटतं.”

तिथे मला उत्तर मिळालं. अँटिडिप्रेसंट एकदम सोडली की काहींना असे झटके जाणवतात, आणि नजर फिरवताना ते जास्त जाणवतात. पॅरॉक्सेटिन शरीरातून लवकर निघून जातं, त्यामुळे त्याच्या बाबतीत हे जास्त दिसतं. हा आजार उलटलेला नव्हता. गोळी अचानक सोडल्याचा परिणाम होता. न्यूरॉलॉजीच्या अंगाने तपासून घेतलं, तिथे काही नव्हतं. गोळी पुन्हा सुरू केली, तर दोनतीन दिवसांत करंट गेला.

पण मूळ प्रश्न तसाच होता. बाळाचं काय?

मी रेश्मा आणि संतोषला समोर बसवून सांगितलं. “पॅरॉक्सेटिनबद्दल गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाच्या बाबतीत थोडी शंका घेतली जाते. धोका लहान आहे, पण जमत असेल तर आम्ही ती गोळी आधीच बदलतो. सर्ट्रालिन नावाची दुसरी गोळी आहे. गरोदरपणात तिचा अनुभव जास्त आहे.”

“कुठलीच गोळी नको असेल तर?” रेश्माने विचारलं.

“तोही एक मार्ग आहे. गोळी हळूहळू कमी करायची आणि सोबत थेरपी करायची. पण पॅनिक परत आलं तर ते सहन करत नऊ महिने काढणंही बाळासाठी चांगलं नाही. झोप जाते, जेवण जातं, तपासणीला बाहेर पडणं होत नाही.”

“मला बिनगोळीचं बघायचंय मॅडम. एकदा तरी.”

मला ती मागणी रास्त वाटली. आजार बरेच महिने शांत होता. एकच अट घातली, हे सगळं पार पडेपर्यंत दिवस राहू द्यायचे नाहीत. संतोषने मान डोलावली. सासूबाईंना हे कोण सांगणार, यावर दोघांनी एकमेकांचं नाव घेतलं. शेवटी मीच सांगितलं. त्या म्हणाल्या, “म्हंजे अजून थांबायचा? व्हय, थांबू. पन किती ते सांगा.”

थेरपीत आम्ही पॅनिकची लक्षणं मुद्दाम निर्माण करतो. भरभर श्वास घ्यायला लावतो, जागच्या जागी पळवतो, खुर्चीत गोल फिरवतो. छाती धडधडली तरी आपण मरत नाही, हे शरीराला कळावं म्हणून. एकदा मी रेश्माला माझ्या फिरत्या खुर्चीत गोल फिरवत असताना सासूबाईंनी दार लोटलं.

“अगो बाय! डॉक्टरीनबाय, सुनेला गरगर काय फिरवताव?”

“औषध आहे ते.”

“खुर्ची?”

रेश्माला इतकं हसू आलं की त्या दिवशीची थेरपी तिथेच संपली. पुढच्या वेळी मात्र सासूबाई आत बसल्या. रेश्माची धाप कशी चढते आणि आपोआप कशी उतरते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. पोर नाटक करत नाही, हे त्या दिवशी त्यांना पटलं असावं, कारण घरी नणंदेचं बोलणं त्यांनीच बंद केलं.

गोळी कमी होत गेली. अर्ध्या डोसवर रेश्मा छान होती. पावावर आली तेव्हाही एसटीने पेणला जात होती. पण गोळी पूर्ण थांबल्यावर काही आठवड्यांनी संतोषचा फोन आला. ती नागोठण्याला गाडीतून उतरली होती आणि पुढच्या गाडीत चढायला तयार नव्हती. मी तिला फोन लावला.

“करंट आहे का?”

“नाय मॅडम. हे जुनंच हाय. मला वाटलं, मी चालले.”

पुढच्या आठवड्यात असे आणखी अटॅक आले. थेरपीमुळे ती त्यांतून लवकर बाहेर यायची, पण घराबाहेर पडायचं टाळू लागली. ओपीडीत आली तेव्हा डोळे भरले होते. “मी हरले ना?”

“आपण बघायचं ठरवलं होतं. बघितलं. तुला गोळी लागते, हे आता अंदाजाने नाही, नक्की माहीत आहे.”

सर्ट्रालिन सुरू केलं. मग तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमना फोन लावला.

“मला शक्यतो पेशंटला गोळ्या नको असतात,” त्या म्हणाल्या.

“गोळ्या नको की धोका नको?”

“अर्थात धोका नको.”

“मग बिनगोळीचा धोकाही मोजू या. ती तपासणीला तुमच्यापर्यंत पोचलीच नाही तर?”

त्यांनी पुढचं विचारलं. “डोस किती देताय? फॉलिक अॅसिड मी आजच सुरू करते. आणि शेवटच्या महिन्यात बालरोगतज्ज्ञांना तुम्ही कळवा.”

पुढे आमच्या दोघींचं चांगलं जमलं.

रेश्मा काही महिने स्थिर राहिली, तेव्हा आम्ही हिरवा कंदील दाखवला. दिवस राहिले. गरोदरपणात तिला एकच मोठा अटॅक आला, सोनोग्राफीच्या रांगेत. ती खुर्चीला धरून बसून राहिली. तो ओसरला आणि तिचा नंबर आल्यावर ती आत गेली. हे तिने मला नंतर अगदी सहज सांगितलं, जणू रांगेत कुणी ओळखीचं भेटलं होतं.

मुलगी झाली. पहिले दोन दिवस बाळ थोडं किरकिरं होतं, हात थरथरायचे. आईची गोळी बाळाच्या अंगातून उतरताना काही बाळांना असं होतं. आम्ही आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे घरात कुणी घाबरलं नाही. बाळाला नजरेखाली ठेवलं आणि ते आपोआप शांत झालं. दूध पाजणं चालू, गोळीही चालू. सर्ट्रालिन दुधात फार थोडं उतरतं. बाळंतपणानंतरचे महिने या आजारात नाजूक असतात, म्हणून गोळीला आम्ही हातही लावला नाही.

हे वाचून कुणी आपली गोळी आपणच बदलू नये, एवढ्यासाठी सगळं सविस्तर लिहिलं. प्रत्येकीचं गणित वेगळं असतं. पण ते दिवस राहण्याआधी मांडलं तर सगळ्यांच्या हाताशी वेळ असतो.

म्हणून तरुण मुलगी पॅनिकसाठी आली की लग्नाचं आणि मुलांचं मी पहिल्याच भेटीत विचारते. बऱ्याच जणी चमकतात. परवा एकीच्या आईने मला विचारलं, “मॅडम, तुम्ही स्थळंही बघता का?”

“नाही,” मी म्हटलं, “त्याच्या पुढचं बघते.”